भावोजींची पडती रेस्ट

आमच्या भावोजींना गादीतलं कळतं. हे आधीच कबूल करून टाकते, नाहीतर म्हणाल मेहुणी खार खाऊन बोलतेय. एका मोठ्या शोरूममध्ये ते गाद्या विकतात. गिऱ्हाईक आलं की भाव सांगायच्या आधी त्याला बूट काढायला लावून आडवं करतात. "कुशीवर झोपता की पाठीवर? जरा वळा बघू. खांदा रुततोय का?" परक्या माणसाचा खांदा वाकून वाकून बघतात, आणि मगच गादी सुचवतात. त्यांनी दिलेली गादी कोणी परत आणल्याचं मी तरी ऐकलं नाही.

घरी आला की हाच माणूस जगाचा मास्तर होतो. मिक्सर, टायर, ताईचा चष्मा, माझ्या दुकानाचं शटर, कशावरही मत तयार! आणि मुलगी धनुष्य शिकायला लागल्यापासून तर विचारूच नका. स्वतः कधी दोरी बोटभर ओढली नाही, पण बोलायला लागले की वाटावं, जन्माला आले ते भाता पाठीला बांधूनच.

मुलगी म्हणजे माझी भाची. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती घाई करत नाही आणि वाटही सोडत नाही. माझं धनुष्यबाणाच्या सामानाचं छोटं दुकान आहे, मागे सरावाची लांबट खोली आहे, तिथेच ती तयार झाली. तिची एक सवय आहे. दोरी पूर्ण ओढेल, नेम धरेल, पण मनाला पटलं नाही तर बाण सोडायची नाही. दोरी सावकाश परत आणेल, श्वास घेईल, पुन्हा ओढेल. याला आम्ही बाण उतरवणं म्हणतो. बाकीची पोरं ओढला की सोडून मोकळी. मुंगी मात्र कितीतरी बाण उतरवते, आणि जो सोडते तो बहुतेक पिवळ्यात, म्हणजे लक्ष्याच्या अगदी मधोमध, जाऊन बसतो.

संघाची निवड चाचणी महिन्यावर आली आणि तिच्या धनुष्याची रेस्ट संपली. रेस्ट म्हणजे बाण ज्याच्यावर टेकतो तो भाग. तिची ब्रशची होती, गोल केसांच्या मधोमध बाण धरणारी. केस खालून झिजले आणि बाण लोंबायला लागला. नवी घ्यायची तर आता पडती घ्यावी, म्हणजे बाण सुटला की खाली पडणारी, असं ठरलं. मागची पिसं कशाला घासत नाहीत, बाण सरळ जातो. इथपर्यंत माझं आणि भावोजींचं एकमत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

पण पडत्या रेस्टमध्ये दोन जाती. एक साधी. दोरी मागे ओढली की ती वर येते, दोरी पुढे गेली की खाली जाते, मग बाण सुटलेला असो की उतरवलेला. दुसरी कुलपाची. बाण झटक्यात सुटला तरच ती पडते, सावकाश उतरवला तर वरच राहते. मुंगीला यातली कुठली हवी, हे शेंबडं पोरही सांगेल.

"भावोजी, कुलपाची घ्या," मी म्हटलं. "दुकानात आहे, आत्ता बसवून देते. ती बाण उतरवते ना, त्यामुळे..."

माझं वाक्य पुरं होईल तर शपथ. "अगं, ती जड आहे," भावोजी म्हणाले. "आणि तू विकणारी, तू तुझ्या कपाटातलीच चांगली म्हणणार."

पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! मग सुरू झालं संशोधन. जेवताना व्हिडिओ, झोपताना व्हिडिओ. कुठल्या कुठल्या परक्या लोकांना मेसेज करून सल्ले मागितले. ताईच्या स्वयंपाकाच्या काट्यावर जुनी रेस्ट ठेवून वजन केलं. त्या भानगडीत मुलीला मात्र त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. शेवटी बाहेरून मागवली ती साधी, हलकी, काळी कुळकुळीत, दिसायला देखणी. जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःच बसवली, आणि झिजलेली ब्रशची कचऱ्यात टाकून दिली.

नव्या रेस्टवर पहिल्या दिवशी मुंगीने बाण ओढला, पटला नाही, उतरवला. रेस्ट खाली बसली, बाण खट्‌कन धनुष्यावर आपटला आणि घरंगळून फरशीवर पडला. सगळ्या खोलीने मान वळवली. पोरगी कानापर्यंत लाल झाली. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. मग तिने उतरवणं बंद केलं. पटो न पटो, सोडायला लागली, आणि बाण निळ्यात, काळ्यात, वाटेल तिथे जायला लागले.

"मी बदलून देते गं," मी तिला म्हटलं. "तुझ्या बापाला कळणारही नाही."

"राहू दे मावशी. बाबांनी एवढी शोधून आणलीये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक ताईकडे गेले. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. भावोजींना म्हटलं, "पोरीचा हात बिचकतोय. एकदा खोलीत येऊन तिच्यामागे उभे राहा, डोळ्यांनी बघा."

ते फोनवरून मान वर न करता म्हणाले, "तिचं कोपर चुकतंय. मी एक व्हिडिओ पाठवलाय तिला."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचणारी नाचत होती, हा गृहस्थ अंगणच उकरून बसला होता.

चाचणीच्या दिवशी भावोजी घडीची खुर्ची आणि दुर्बीण घेऊन हजर. दुर्बीण कुठे रोखलेली? लक्ष्यावर. पुढे उभ्या असलेल्या मुलीकडे नाही. चार जणींना घेणार होते. संघात गेलं की राहण्याची सोय, प्रशिक्षक, सगळं मिळणार होतं. त्यासाठी मुंगी तीन वर्षं शाळेतून थेट माझ्या खोलीत येत होती. वाईट बाण सोडत सोडतही ती शेवटच्या फेरीला चौथी होती. म्हणजे बघा, किती चांगली असेल!

अगदी शेवटचा बाण उरला. तिने ओढला आणि वारा आला. मी मागून तिचा खांदा बघत होते, मला दिसलं, तिला पटलेलं नाही. तिने दोरी सावकाश परत आणली. महिन्याभरात पहिल्यांदाच. खट्‌! बाण पायाशी पडला. शेजारची पोरगी फिस्सकन हसली. मुंगीने वाकून तो उचलला, लावला, पुन्हा ओढला. वारा काही थांबेना. पुन्हा उतरवला, पुन्हा पडला. घड्याळ पळत होतं.

"सोड ना! लागेल कुठेतरी!" भावोजी खुर्चीतून ओरडले.

तिने तिसऱ्यांदा दोरी ओढली आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजला. न सुटलेल्या बाणाला शून्य. मुंगी पाचवी आली.

गाडीत भावोजींची टकळी चालू. वारा, पंच, शेजारणीचं हसणं, रेस्टच्या दोरीची गाठ, सगळ्यांचे दोष काढून झाले. मुंगी खिडकीबाहेर बघत होती. अचानक म्हणाली, "बाबा, मी बाण उतरवते, ते तुम्ही कधी पाहिलंय?"

"उतरवते म्हणजे?" भावोजींनी विचारलं.

मला त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं. परक्यांची कूस बघून गादी देणारा हा बाप! दिव्याखाली अंधार असतो हे ठाऊक होतं, पण इतका?

पुढच्या आठवड्यात मुंगी एकटीच दुकानात आली आणि म्हणाली, "मावशी, कुलपाची बसव." मी बसवली. तेवढ्यात भावोजीही आले, जरा पडेल चेहऱ्याने. "या रेस्टचा काही व्हिडिओ आहे का गं?"

"व्हिडिओ नाही," मी म्हटलं. "मुलगी आहे. मागे उभे राहा आणि बघा."

आणि उभे राहिले की! खुर्ची नाही, दुर्बीण नाही, हात मागे बांधून. मुंगीने बाण ओढला, बराच वेळ धरला, पटला नाही. तिने सावकाश उतरवला. रेस्ट वरच राहिली, बाण जागचा हलला नाही. पोरीचे खांदे खाली आले आणि महिन्याभराने तिने मोकळा श्वास सोडला. मला भरून आलं. म्हटलं, चला, उशिरा का होईना, दिसलं बापाला.

भावोजींनी माझ्या दंडाला कोपराने ढोसलं. चेहरा नुसता उजळला होता.

"बघितलंस?" ते म्हणाले. "काय रेस्ट आहे! मी पहिल्यापासून म्हणत होतो, कुलपाचीच घ्यायला हवी."

मुंगीने ते ऐकलं. मागे न वळता तिने पुन्हा दोरी ओढली.