बाबांचा डावा डोळा

लिहू की नको, लिहू की नको करत तीन महिने घालवले. कारण असले अनुभव वाचून हसणाऱ्यांतली मी एक. रोह्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे, सोळा वर्षं झाली. सॅम्पल दोनदा तपासून दोन्ही वेळा तोच रिझल्ट आला तरच सही करते… मग शिफ्ट इन्चार्ज डोक्यावर येऊन उभा राहिला तरी बेहत्तर. लागीर, बाहेरचं, अंगात येणं — सगळे रिकामटेकड्यांचे उद्योग, हे माझं मत होतं. बरंचसं अजूनही आहे. पण एका गोष्टीचा रिझल्ट दोनदा आला, आणि तोही अशा दोन माणसांकडून, ज्यांनी एकमेकांना जन्मात पाहिलेलं नाही. म्हणून लिहिते. कुणाला उत्तर सुचलं तर खरंच सांगा.

आधी घरचं सांगते. आमचं गाव पेण तालुक्यातलं, धरमतर खाडीच्या काठचं. नाव लिहीत नाही. बाबा फौजेत होते. श्रीलंकेत यादवी पेटली होती, आपली शांतिसेना तिकडे गेली, त्यात त्यांची पलटण होती. ते तिकडेच गेले. मी तेव्हा अडीच महिन्यांची. "भांडान दुसऱ्याच्या घरातला, नि मानूस गेला आमचा," असं आजी मरेपर्यंत म्हणत राहिली. अंत्यसंस्कारही तिकडेच झाले. घरी आला तो कलश, आणि मागाहून एक काळी ट्रंक. आईने त्यांचा चेहरा शेवटचा पाहिला तो सुट्टी संपवून ते निघाले तेव्हा, मी पोटात असताना. मी तर पाहिलाच नाही.

आता आईची गोष्ट. बाबा गेल्याची तार यायच्या चार-पाच दिवस आधी, भर दुपारी, मला पाजून झोपवून ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. बाबा दारात येऊन उभे राहिले. वर्दीत. डावा डोळा लालभडक. आई म्हणाली, "अवो, डोल्याला काय झाला?" ते म्हणाले, "खुपतंय." बस्, एवढंच. आमच्याकडे डोळे आले, डोळ्यात काही गेलं की बाळंतिणीच्या दुधाचे दोन थेंब घालायची रीत. आताचे डॉक्टर ओरडतात, तेव्हा सर्रास चालायचं. आई आत गेली, वाटीत दूध काढलं, कापसाचा बोळा घेतला, बाहेर आली… दारात कुणी नाही. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन बघून आली. ऊन नुसतं रणरणत होतं म्हणे.

तेव्हा ती कुणाला काही बोलली नाही. वीस-एकवीस वर्षांची सून, सासू म्हणेल दिवसाढवळ्या नवऱ्याची स्वप्नं बघते! तिथेच चुकलं. कारण तार आल्यावर सांगायला लागली, तर कोण ऐकणार? दुःखाने डोकं फिरलंय, म्हणून लोकांनी हातात धागा बांधला आणि मोकळे झाले.

घरात बसून राहिले तर खरंच वेड लागेल, म्हणून ती पेणला गणपतीच्या कारखान्यात जायला लागली. आधी मूर्ती घासायला, मग रंगाला, आणि पुढे आखणीला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम. श्वास रोखून एका दमात रेघ ओढायची, हात हलला की संपलं. तीस वर्षं आईने हजारो गणपतींना नजर दिली. आणि अधूनमधून, कुणी ऐकणारं भेटलं की ती दुपारची गोष्ट सांगायची. लाल डोळा, वाटी, सगळं.

मी अकरावीत असताना माझ्या मैत्रिणींसमोर सांगितली. एक पोरगी फिस्सकन हसली. त्या गेल्यावर मी आईवर भडकले. "पुरे गो आई! लोक हसतात आपल्याला. मेलेला माणूस येतो काय कधी?" आई म्हणाली, "बरा." त्यानंतर तिने ती गोष्ट कधीच काढली नाही. वीस-एक वर्षं. मला वाटलं, चला, सुटलो.

तीन वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग घरचा रस्ता, मग मी. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने जरा लवकरच गाठलंय. तिला रोह्याजवळ वरश्याला माझ्या फ्लॅटवर आणलं. कधी मला ताई म्हणते, कधी नर्सबाई. मी शिफ्टला गेले की शेजारच्या मावशी बघतात. सगळं विसरली, पण रोज दुपारी एक काम चुकायचं नाही. वाटीत दूध ओतायचं, वर कापसाचा बोळा ठेवायचा आणि वाटी दाराशी नेऊन ठेवायची. संध्याकाळी मी दमून येते तर उंबऱ्यावर मुंग्यांची रांग, आणि सोसायटीचं मांजर फुगून टुम्म झालेलं. वर आईचा प्रश्न — "आला काय गो?"

ती वाटी कशासाठी ते मला कळत होतं. कळत असूनही मी करवादायचे. "कोण यायचंय आता? कुणी नाय येत!" म्हणत वाटी मोरीत ओतायचे. माणूस थकला की वाईट वागतो. मी वागले.

मागच्या वर्षी गावातल्या लोकांनी ठरवलं, शाळेच्या आवारात बाबांचा अर्धपुतळा बसवायचा. काम दिलं आईच्याच जुन्या कारखान्यात. तिथले बंडूदादा आता स्वतः मूर्तिकार आहेत. अडचण फोटोची होती. एका उधाणाला घरात खाडीचं पाणी शिरलं तेव्हा ट्रंकेतले फोटो पुसून गेले होते. उरला एकच, लग्नाचा — आणि त्यात बाबांनी नेमके डोळे मिटलेले! बंडूदादांनी प्लास्टरचा नमुना केला. नाक, जबडा, मिश्या, सगळं झालं. नजर काही जमेना.

त्यांचा फोन आला. "काकीला घेऊन ये एकदा. नुसते रंगाने डोळे काढून दिले की मला अंदाज येईल."

"दादा, तिला धड चमचा धरता येत नाही."

"चमचा वेगळा नि ब्रश वेगळा. आखणी मी तिच्याकडूनच शिकलोय. आण तू."

सुट्टी टाकून नेलं. वाटेत दोनदा विचारलं तिने, आपण दवाखान्यात चाललोय काय. पण कारखान्यात शिरली, रंगाचा वास आला, तशी ताठ झाली. बंडूदादांनी हातात ब्रश दिला. तिने टोक ओठांत धरून नीट केलं, श्वास रोखला आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढली. मग दुसरी. मग बाहुल्या. आणि तो पांढरा चेहरा एकदम माझ्याकडे बघायला लागला… खोटं कशाला बोलू, मला रडू फुटलं. अडतीस वर्षांची घोडी मी, पण माझा बाप माझ्याकडे पहिल्यांदा बघत होता.

मी मोबाईलवर फोटो काढत होते. तेवढ्यात आईने ब्रश लाल रंगात बुडवला आणि डाव्या डोळ्याचा बाहेरचा अर्धा भाग, बाहुलीपासून कोपऱ्यापर्यंत, लाल करून टाकला.

बंडूदादा हसले. "सवय हो काकीची! गणपतीच्या डोळ्यांना कोपऱ्यात लाली देतात ना."

मला मात्र ते बघवेना. म्हटलं, "पुसा ते आधी." बंडूदादांनी ओल्या फडक्याने लाल रंग पुसला. आई टक लावून बघत होती. डोळा पांढरा झाला तशी म्हणाली, "बरा झाला डोला?"

"हो आई, झाला बरा. चल लवकर, वडखळला ट्रॅफिक लागेल."

एवढंच बोलले मी.

२६ जानेवारीला पुतळा बसला. तांब्याच्या रंगाचा, डोळे अगदी आईने काढले तसे. कार्यक्रमाला पोलादपूरहून एक निवृत्त हवालदार आले होते, काठी टेकत. बाबांच्या पलटणीतले. त्याच वेळी ते स्वतः जबर जखमी झालेले, वर्षभर दवाखान्यात, मग बदली कुठल्या कुठे. आमचं गाव त्यांना माहीत नव्हतं. माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुतळ्याची बातमी आली, म्हणून आले. त्यांनी पुतळ्याला सॅल्यूट केला, तो हात किती तरी वेळ खाली येईना.

मग मला म्हणाले, "वहिनी कुठे आहेत?"

"आणता आलं नाही काका. तिला आता काही आठवत नाही." आणि निदान दिसावी तरी, म्हणून तिचा कारखान्यातला फोटो मोबाईलवर काढून दिला. हातात ब्रश, समोर प्लास्टरचा चेहरा. नेमका लाल रंग पुसण्याआधीचा.

काकांनी चष्मा लावला. बोटांनी फोटो मोठा केला. मग पुतळ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"हा डोळा."

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी रस्त्यात सुरुंग फुटला होता. सगळे वाचले, पण खडीचा तुकडा उडून बाबांच्या डाव्या डोळ्याला लागला. बाहेरच्या बाजूला रक्त साकळलं, बाहुलीपासून कोपऱ्यापर्यंत. दवाखान्यात जा म्हटलं तर ऐकेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीबार झाला, त्यात गेले. "तो डोळा बघणारे आम्ही चौघं होतो. तिघं गेले. मी कुणाला बोललो नाही. बोलायचं काय त्यात?"

काका थोडे घुटमळले.

"मुलगी आहेस, सांगू की नको… आम्ही त्याला चिडवत होतो, एका डोळ्याने कसा लढणार म्हणून. तर हसून म्हणाला, घरी असतो तर काळजी नव्हती. बायको ओली बाळंतीण आहे, दोन थेंब घातले असते, दुपारपर्यंत डोळा साफ झाला असता. तू झाल्याचं पत्र नुकतंच पोचलं होतं ना त्याला. फार खूश होता."

देवाशप्पथ सांगते, वाटीचं, दुधाचं मी काकांना एक अक्षर बोलले नव्हते. बोलायला तोंडच नव्हतं.

आता माझ्या शंका मीच काढते, तुमचा वेळ वाचेल. ट्रंक पुन्हा उपसली. पलटणीचं पत्र पाण्याचे डाग पडूनही वाचता येतं; इंग्रजीत आहे, वीरगती मिळाली एवढंच. डोळ्याचा उल्लेख नाही. बाबांचं त्या दिवसानंतरचं पत्र असणं शक्यच नाही. फोटो बघून काकांच्या आठवणीची सरमिसळ झाली असेल म्हणावं, तर दुधाचं कुठून आलं? बंडूदादांना विचारलं. ते म्हणाले, "मीही नंतर विचारात पडलो. लाली दोन्ही डोळ्यांना देतात, तीही फिकट. काकीने एकाच डोळ्याला असा लाल कधीच दिलेला नाही." आई ज्या दुपारबद्दल सांगायची तिची तारीख तिला तेव्हाही सांगता येत नव्हती. त्यामुळे तो दिवस जुळवता आला नाही. लॅबच्या हिशोबाने रिपोर्ट अपुरा आहे.

त्या संध्याकाळी घरी आले. आईच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "आई, तू खरं सांगत होतीस. मी चुकले." वीस वर्षांनी. तिने माझ्याकडे बघितलं, केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "तू कोनाची गो?" डोळ्यांत नुसती माया, ओळख नाही. माझी माफी ऐकायला ती बाई घरात राहिलेलीच नाही. हे एक मला फार लागलंय.

आता तिचे हात थरथरतात, दूध सांडतं. म्हणून फर्स्ट शिफ्टला निघताना वाटी मीच भरून, कापूस ठेवून दाराशी ठेवते. कुणी येत नाही. संध्याकाळी वाटी एक तर तशीच असते, नाहीतर मांजराने चाटलेली असते. जे आहे ते लिहिते.

पण आई विचारते, "आला काय गो?" तेव्हा मी आता ओरडत नाही. म्हणते, "येऊन गेला. डोळा बरा झाला त्याचा."

"खुपत नाय ना?"

"नाही."

मग ती नीट जेवते. मी खोटं बोलते की खरं, ते मला माहीत नाही.