अध्यक्षांनी टांगलेलं माश्यांचं मशीन

माश्या मारायची विजेची मशीनं घ्यायची ठरली, तेव्हाच ओकबुनने बाजार समितीच्या बैठकीत उभं राहून सांगितलं होतं, "चिकट कागदवालं घ्या. माशी येते, चिकटते, तिथंच मरते. जाळीवाल्या मशीनमध्ये ती फुटते. फुटून उडते कुठं, याचा विचार करा."

"काकू, तिप्पट किंमत आहे त्याची," अध्यक्ष प्यो हसले. "वर कागद बदला, वर्षाला दिव्याची नळी बदला. माशी मेली म्हणजे झालं. तिला काय थडगं बांधायचंय?"

सगळे खो खो हसले. एकतीस वर्षं त्या बाजारात खारवलेला जवळा विकणारी ओकबुन खाली बसली. जूनमधला टपोरा, पांढराशुभ्र जवळा तिच्यासारखा कुणाला जमत नाही, हे तिचे वैरीही मान्य करत. पण बैठकीत अक्कल अध्यक्षांचीच चालायची.

दुसऱ्या दिवशी प्यो स्वतः शिडी घेऊन आले. ओकबुनच्या दारावर सासूने दुकान उघडताना बांधलेला सुका मासा होता, पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळलेला, बला टळावी म्हणून. प्योंना खिळा आयताच मिळाला. मासा काढून त्यांनी तिच्या हातात दिला आणि मशीन टांगलं. वर आपल्या नावाची लाल फीतही लावली.

"राखणच करायची ना? ही बघा पक्की राखण!"

खाली जवळ्याची उघडी पिंपं होती. दारातल्या त्या निळ्या उजेडाला रस्त्यावरच्या माश्याही आमंत्रण असल्यासारख्या येऊ लागल्या. ओकबुन धुसफुसत राहिली, पण मशीन काही तिने काढलं नाही. फुकटचं भांडण कशाला, म्हणाली.

ऑक्टोबरात मालसुन आली. सूपच्या खाणावळीची मालकीण, वर्षाच्या किमचीला, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीला, लागणारा सगळा जवळा ओकबुनकडूनच नेणारी. त्या बाजारात चाखल्याशिवाय कुणी घेत नाही, आणि विकणारीने चिमटीत धरून थेट गिऱ्हाइकाच्या तोंडात घालायचं, ही तिथली रीत.

"आ कर, ताई."

मालसुनने आ केला. चावता चावता थांबली. जिभेवरून बोटाने काहीतरी काढलं. माशीचा काळा पाय. त्याच वेळी डोक्यावर चट्ट आवाज झाला. मालसुनने वर मशीनकडे पाहिलं.

"घाईत आहे गं आज. येते पुन्हा," म्हणाली आणि निघून गेली. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं!

ओकबुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने वाटीभर पांढरा भात आणला, मशीनखाली दुपारभर ठेवला आणि संध्याकाळी समितीच्या बैठकीत नेला. भातावर पाय, पंख, कसला कसला भुगा. चॉपस्टिकने एक घास उचलून तिने प्योंच्या तोंडासमोर धरला.

"अध्यक्ष, आ करा."

"काकू, अहो, हे काय... सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच हसला होतात ना? माशी मेली म्हणजे झालं ना? मग खा की! मोठ्या माणसाने दिलेला घास नाकारायला तुमच्या आईने शिकवलं का?"

प्योंनी तोंड फिरवलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"गिऱ्हाइकाच्या तोंडात गेलंय हे, माझ्या हातानं! स्वस्त पडलं म्हणता? कुणाला?" तिने वाटी त्यांच्यासमोर आदळली.

ते मशीन तिने लाल फितीसकट समितीच्या दारात नेऊन टाकलं. स्वतःच्या पैशांनी चिकट कागदाचं घेतलं आणि पिंपांपासून लांब, मागच्या भिंतीला लावलं. सुका मासा परत खिळ्यावर गेला. मग नवं, न उघडलेलं पिंप हातगाडीवर घालून ती मालसुनच्या खाणावळीत गेली.

मालसुनने हाताला धरून बसवलं, गरम सूप दिलं, आणि प्योंची आणि भाताच्या वाटीची गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ओकबुनचा जीव भांड्यात पडला. तिने पिंप उघडलं, चिमटीत जवळा उचलला.

"आ कर, ताई."

मालसुन हसतच होती. हसता हसता तिने टेबलावरचा चमचा उचलला आणि पुढे केला.

"यात दे."