खिशाखिशांचा कोट

आमचे काका शिंपी. विमानात ते कधी बसले नव्हते, पण विमानाविषयीची मतं त्यांच्याकडे शिवून तयार असायची. लांबच्या शहरात राहणाऱ्या ताईचं बाळंतपण जवळ आलं, डॉक्टरांनी ऑपरेशनची सकाळ ठरवली आणि तिचा फोन आला, "बाबा, मला आत नेतील तेव्हा तुम्ही दारात पाहिजेत."

काका, काकू आणि मी, तिघांना वेळेत पोचवणारं एकच विमान होतं. ऐनवेळी परवडलं ते तिकीट माणशी एका लहानशा पिशवीचं. जास्त सामानाला जागा नाही.

"अंगावरच्या कपड्यांचं वजन करतात का रे?" काकांनी विचारलं.

"नाही."

झालं! काकांनी कोट शिवायला घेतला. बाहेर खिसे, आत खिसे, खिशाच्या पोटात खिसा. त्यांत बाळाची झबली, टोपडी, दुपटी, काकूंची औषधं. कोट चढवल्यावर काका असे दिसत की ताईच्या आधी यांनाच दवाखान्यात न्यावं.

वेळेआधी पोचायचं, ओळखपत्र हाताशी ठेवायचं, हे सगळं मी दोघांना पढवलं होतं. "आणि तपासणीला खिसे रिकामे करायचे," हे सांगताना मात्र माझी जीभ अडखळली.

रांगेत काका एकेक खिसा उघडू लागले. प्रत्येकाला बटण. शिंप्याचा खिसा बिनबटणाचा कसा असेल?

"आजोबा, दुकान मांडताय का?" मागच्या माणसाने टोमणा मारला.

"मांडलंच आहे. माप घेऊ तुमचं?"

"अहो, कोटच काढून ट्रेमध्ये टाका की!" काकू करवादल्या.

कोट यंत्रात गेला आणि पट्टा थांबला. तपासणीवरच्या बाईंनी काकांना बोलावलं. "यात कात्री आहे. एवढी मोठी सोबत नेता येत नाही."

काकूंनी कपाळावर हात मारला. "आणलीत ना तिला?"

"झबलं सैल झालं तर तिथं बेतायला नको?"

"बाहेर जाऊन सामानात जमा करा, नाहीतर इथं सोडा," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात स्पीकरवर आमच्या विमानाची शेवटची हाक आली. बाहेर जाऊन परत येईपर्यंत विमान ढगात गेलं असतं.

याच कात्रीवर काकांचं दुकान उभं राहिलं होतं. काकूंनी एकदा त्या कात्रीने दुधाची पिशवी कापली, तर काकांनी अबोला धरला होता. काकू तिला सवत म्हणत. काकांनी कात्री हातात घेतली, एकदा उघडली, मिटली आणि तिथल्या, सोडलेल्या वस्तूंच्या पेटीत अलगद ठेवली.

"चला. पोरगी वाट बघतेय."

काकांच्या अंगात कोट चढवत आम्ही धावलो. एरवी काकूंनी यावर वर्षभर पुरेल एवढं ऐकवलं असतं. या वेळी त्यांनी खिडकीची जागा काकांना दिली.

सकाळी ताईला आत नेताना काका दारात उभे होते. तिने त्यांचा हात धरला. "आलात? मला वाटलं, दुकानातून तुमचा पाय निघायचा नाही."

"विमानात अवघड काही नसतं गं," काका जाणकारासारखे म्हणाले. "फक्त अवजारं घरी ठेवायची."

"हो तर," काकू म्हणाल्या आणि त्यांची कॉलर सारखी करू लागल्या.