चौथं पाऊल

नव्वदीच्या दशकात बंगळुरूच्या चामराजपेटेत माझ्या आवाजाची दहशत होती. तालमीत मी श्लोक उचलला की गल्लीतल्या म्हशी दूध चोरायच्या आणि तिकडे दहा-बारा कोसांवरच्या देवनहळ्ळीच्या किल्ल्यातली कबुतरं उडायची. हे मीच सर्वांना सांगत असे, म्हणजे खरंच असणार.

आमच्या मराठी मंडळींचं वर्षाला एक नाटक व्हायचं. लिहायचे आमचे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. त्या साली त्यांनी वेढ्यात सापडलेल्या राजाची शोकांतिका लिहिली आणि राजा मला दिला. हा राजा एकटा पडला की भुजंगप्रयातात बोलायचा. एक आखूड अक्षर, दोन लांब, असे ओळीला चार गण. मास्तरांनी ते वृत्त मला पायांनी शिकवलं. गणाला एक पाऊल. चार पावलांत भिंत, वळा, पुन्हा चार. ‘उभी ही तटाची जुनी भिंत बाकी’ असं गर्जत मी पुठ्ठ्याच्या किल्ल्यात येरझाऱ्या घालायचो.

येरझाऱ्यांची सवय मला होतीच. बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात मी लेथ चालवायचो, तिथून मला काढून चार महिने झाले होते. घरी कुणाला पत्ता नव्हता. अण्णांना, म्हणजे वडिलांना, कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आपल्या शिंपीकामाच्या दुकानात बसवलं असतं. आणि त्या दुकानात जन्मात पाय ठेवणार नाही, असं मी अख्ख्या गल्लीसमोर बोलून बसलो होतो. म्हणून रोज सकाळी डबा घेऊन बस धरायची, बोम्मसंद्र्याला उतरायचं, समोरून सुटणाऱ्या बसने परत फिरायचं, मार्केटला उतरून पुन्हा बोम्मसंद्रा. बसच्या दांड्यावर बोटांनी ताल धरून मी सगळा राजा पाठ केला. संध्याकाळी जेवताना अण्णांना कारखान्याच्या बातम्या द्यायच्या. नवं मशीन परदेशातून आलंय, ते माझ्याखेरीज कुणाचं ऐकत नाही. साहेब माझ्याशी अदबीने बोलतात. अण्णा घास हातात धरून ऐकायचे.

राजाच्या शेवटच्या स्वगतात शेवटची ओळ आखूड होती. ‘मला कोंडले मीच आता’. गण तीनच. मला वाटलं, मास्तरांचं वय झालं. मी आपला तालमीत चौथा गण जोडून दिला, ‘पहा रे’, आणि असा ओरडलो की पुठ्ठ्याच्या बुरुजाला तडा गेला.

मास्तरांनी तालीम थांबवली. म्हणाले, "ते ‘पहा रे’ कुठून आणलंस?"

मी म्हटलं, ओळ लंगडत होती, सावरली.

"अरे, हा माणूस तीन अंक खोटं बोलतोय. दरबाराशी, राणीशी, एकटा असला की स्वतःशीसुद्धा. तेव्हा त्याचं एक अक्षर चुकत नाही. इथे तो पहिल्यांदा खरं बोलतो आणि पुढचं पाऊल टाकायला जागाच उरत नाही. तू त्याला परत खोटा कशाला करतोस?" मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी तुझंही एक अक्षर चुकत नाही म्हणे. अण्णा कौतुकाने सांगत होते."

त्यानंतर आठवडाभर बसमध्ये माझी बोटं तिसऱ्या ठेक्यावर अडायला लागली.

प्रयोग रविवारी दुपारी झाला. अण्णा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. ‘मला कोंडले मीच आता’ म्हणून मी तीन पावलं टाकली आणि चौथं हवेत राहिलं. सभागृह इतकं शांत झालं, की मला वाटलं लोक उठून गेले. ते तिथेच होते. अण्णाही. त्यांच्याकडे बघितल्यावर पाय खाली टेकवणं मला जमेना.

घरी चालत जाताना मोठी गोष्ट रचायची तयारी होती. साहेब, मशीन, संप, सगळं जुळलेलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "अण्णा, नोकरी गेली. चार महिने..."



अण्णा कोपऱ्यापर्यंत चालत राहिले. मग म्हणाले, "आणि डबा?"

"बसमध्ये खायचो."

"सरी, बरं. उद्या नऊला दुकानात ये."

दुसऱ्या दिवशी नऊला गेलो. गल्लीतल्या प्रत्येकाला त्या वेळी अण्णांच्या दुकानासमोरच काम निघालं होतं. शिलाई मशीनपासून मागच्या भिंतीपर्यंत चालून पाहिलं. तीन पावलं. चौथ्याला कापडाच्या गठ्ठ्यांची फळी.