दहा बाय नऊची खोली

आयटीआयच्या ड्राफ्ट्समन सिव्हिलच्या वर्गात पहिले काही महिने आम्ही फक्त रेघा मारल्या. जाड रेघ, बारीक रेघ, तुटक रेघ. मग लेटरिंग. बी.ए.ची दोन वर्षं रडतखडत काढून, वडील गेल्यावर ते अर्धवट टाकून मी इथं आले होते, आणि इथं सर मला कॅपिटल ए कसा काढायचा ते शिकवत होते. म्हटलं, चला, पुन्हा श्रीगणेशा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान पोरं भराभर शीट भरायची आणि मी खोडरबरानं कागदाला भोक पाडायचे.

रेघा जमल्या. माझं अडलं ते टेपपाशी. माप घ्यायला दोन माणसं लागतात. एकानं शून्याचं टोक भिंतीला धरायचं आणि दुसऱ्यानं टेप ओढत जाऊन आकडा वाचायचा. वर्गात मुली दोनच होत्या. दुसरीचं दिवाळीनंतर लग्न ठरलं आणि ती यायची बंद झाली. पोरांच्या जोड्या लागल्या, मी उरले. पोरं वाईट नव्हती. मला ताई म्हणायची, आणि एकदा ताई म्हटलं की माणूस आदरानं चार हात लांब राहतो. सर ओरडायचे, "कुनीतरी जावा की ताईबरबर." मग एखादा यायचा, टेपचं टोक धरून दुसरीकडं बघत उभा राहायचा, आणि माप झालं की सुटलो म्हणून पळायचा. त्यापेक्षा मी टोकावर वीट ठेवायला लागले. वीट सरकली की माप चुकायचं, पण विटेला माझ्यामुळं अवघडल्यासारखं होत नव्हतं.

राहायला कोल्हापुरात शिवाजी पेठेत एक माडीवरची खोली मिळाली होती. घरमालकीण खाली शिवणकाम करायची. बाई बोलायला चांगली, पण मशीन चालू असलं की तिला ऐकू यायचं नाही, आणि मशीन दिवसभर चालू असायचं. माझ्या खोलीत अर्ध्या जागेत तिच्या ट्रंका होत्या. साडी पाहिजे, भांडं पाहिजे, म्हणून ती केव्हाही दार ढकलून आत यायची. मी जेवत असेन, केस पुसत असेन, तिला त्याचं काही नसायचं. "बस बस, मी काय पावणी हाय व्हय," असं मलाच म्हणायची. घर तिचं होतं, त्यामुळं बोलायची सोय नव्हती.

तालमींच्या संघांत फुटबॉलची मॅच असली की सगळी पेठ मैदानावर जायची. गल्ली रिकामी. मी ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन विटांचे थर काढत बसायचे. कोण जिंकलं ते मला फटाके कुठल्या बाजूनं वाजले त्यावरून कळायचं. मग घोषणा देत पोरं गल्लीत शिरायची, गुलाल उडायचा, घरमालकीण मशीन बंद करून दारात यायची. मीही जिन्यात येऊन उभी राहायचे. मला कुठल्याच तालमीचं काही वाटत नव्हतं, आणि वाटावं असं मात्र फार वाटायचं. मला एकटं वाटायचं. ह्याला दुसरा चांगला शब्द शोधण्यात अर्थ नाही.

आमचे सर गारगोटीकडचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "प्लॅन बगायचा न्हाय, प्लॅनमदनं चालायचं." पेन्सिलीचं टोक ते दारात ठेवायचे आणि विचारत सुटायचे. चप्पल कुठं काढली? पाय कुठं धुतलं? पाणी प्यायला आत गेला तर पैलं संडासाचं दार तोंडावर येतंय, मग पाणी प्यावं का न्हाय? पोरं हसायची. मला मात्र त्या चालण्याचा नाद लागला. संध्याकाळी खोलीवर मी मनानंच घरं काढायचे आणि पेन्सिलीचं टोक घेऊन त्यांतून हिंडायचे. त्या घरांत कुणी नसायचं, पण दारं मी उघडायचे आणि मी लावायचे.

दुसऱ्या वर्षी आम्ही कॉम्प्युटरवर गेलो, आणि त्याच सुमाराला दादाचा फोन आला. आमचं गाव शाहूवाडीकडं. भाताची खाचरं, चार म्हशी, आणि वडिलांमागं हे सगळं ओढणारा माझा भाऊ. माणूस मोठ्या आवाजाचा आणि मऊ काळजाचा. मला आयटीआयला घातलं ते त्यानंच. भावकीतल्यांनी नाकं मुरडली तर म्हणाला होता, "शिकंना का, तुमच्या बाचं काय जातंय." आता रस्त्याकडेच्या जागेत त्याला नवं घर बांधायचं होतं.

"सही-शिक्क्याला तालुक्याचा इंजनेर हाय," तो म्हणाला, "पर आखायचं तू. घरात ड्राफ्समन असताना बाहेर कशाला जायाचं?"

फोन ठेवल्यावर मी खोलीत उगाचच इकडून तिकडं फिरले. खाली जाऊन घरमालकिणीला सांगितलं. तिनं मशीन थांबवलं नाही, पण मान हलवली. माझं पहिलं खरं घर, आणि तेही आमचं.

त्या रविवारी मी गावी जाऊन जागा मोजली. दादा म्हशीच्या डॉक्टरकडं गेला होता, म्हणून आई आली टेप धरायला. तिनं पदर खोचला, शून्याचं टोक दोन्ही हातांनी धरलं, आणि अशी उभी राहिली, की जणू सोडलं तर जागाच पळून जाईल.

"माझं चुकंना न्हवं?" ती लांबून ओरडली.

"न्हाई. फकस्त हलू नको."

"मी कुठं हलतोय?"

ती खरंच हलली नाही. मी आकडे लिहीत गेले. किती दिवसांनी माझ्या टेपच्या दुसऱ्या टोकाला माणूस होतं.

दादानं सांगितलेलं सगळं मी प्लॅनमध्ये घातलं. पुढं ओसरीसारखा सोपा, मग हॉल, स्वयंपाकघर, त्याला लागून देवघर, दोन बेडरूम, एक दादा-वहिनीची आणि एक आईची नि पोरांची. मागं गोठ्याकडं जायला दार, म्हणजे शेणाचे पाय घरभर नकोत. वाऱ्याचा, उजेडाचा विचार केला. आणि हॉलच्या उगवतीला, खाचरांकडं खिडकी येईल अशी, दहा बाय नऊची एक खोली काढली. ती मला कुणी सांगितली नव्हती.

ती खोली मला पाहिजे होती. जन्मात मला स्वतःची खोली मिळालेली नाही. जुन्या घरात मी आईजवळ माजघरात झोपायचे. पेठेत ट्रंकांजवळ. मला एक खिडकी, तिच्याखाली टेबल आणि आतून कडी लावता येईल असं एक दार पाहिजे होतं. नोकरी कुठंही लागो, लग्न होवो न होवो, परत यायला आपल्या घरात आपली एक जागा आहे, एवढं मला माहीत असायला पाहिजे होतं. हे मी फोनवर बोलले नाही. बोलायचं मला जमत नव्हतं, काढायला जमत होतं. म्हणून काढली.

सरांनी प्लॅन तपासला. पेन्सिलीचं टोक सोप्यातून हॉलमध्ये, तिथून स्वयंपाकघरात फिरलं. सोप्यापुढच्या पायऱ्यांत एक कमी होती ती दाखवली. गोठ्याच्या दारावर ते खूश झाले. मग टोक उगवतीच्या खोलीत जाऊन थांबलं.

"हिचं नाव ऱ्हायलं."

प्रत्येक खोलीत नाव लिहायचं, हा नियम तर आम्हांला पहिल्या वर्षापासून पाठ. मी म्हटलं, घरी विचारून लिहितो. सरांनी टोक तिथून उचललं नाही. मग एवढंच म्हणाले, "लिवूनच ने. बिननावाच्या खोलीवर मालकाचा डोळा पैला जातोय."

मी काय लिहिणार होते? 'बेडरूम तीन' लिहिलं तर कुणाची म्हणून विचारलं असतं. माझं नाव लिहायला हात धजावला नाही. शेवटी मी नुसतं 'खोली' असं लिहिलं. घरातल्या खोलीला खोली म्हणणारी मी एकटीच ड्राफ्ट्समन असेन.

पुढच्या रविवारी गावी दादानं शीट जमिनीवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले. सगळे भोवती बसले. मी सरांसारखं बोट दारात ठेवून एकेकाला घरातून फिरवलं. वहिनीला ओटा दाखवला, आईला देवघर. आईनं त्या कागदावरच्या देवघराला हात जोडले. दादाला गोठ्याचं दार इतकं आवडलं, की त्यानं ते पोरांना दोनदा दाखवलं. मग त्याचं बोट उगवतीला गेलं.

"ही कशाची?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. माझी. दोन अक्षरं, त्याला काय डिप्लोमा लागत नव्हता.

"अशीच," मी म्हटलं. "पै-पावण्यांसाठी."

"पावणं हॉलात झोपत्याती की," दादा हसला. "ही भिंत काढून टाक. हॉल ऐसपैस हुईल. उद्या तुझ्या लग्नाच्या बोलन्याला धा मानसं आली तर बसवायची कुठं?"

त्याच्या मनात पाप नव्हतं. तो माझाच विचार करत होता, आणि त्याच विचारात माझी खोली गेली. आई म्हणाली, "असू दे की येक खोली. कुनाला जड झालीया?" दादानं विचारलं, "आगं पर कशाला?" आई माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलं होतं. ती मी बोलण्याची वाट बघत होती आणि मी ती बोलण्याची. वहिनी उठून चहा टाकायला गेली.

"काढतो," मी म्हटलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पोरं बाहेर गेल्यावर मी वर्गात कॉम्प्युटर लावला. भिंत निवडली की आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिच्या रेघा तुटक व्हायच्या. चार इंची भिंत, तिच्यातलं दार, त्या दाराच्या उघडण्याची पाव-गोल रेघ, सगळं तुटक झालं. मी बटण दाबलं. खोली गेली, पण तिचं नाव आणि माप तिथंच राहिलं, कारण अक्षरं वेगळी असतात, ती वेगळी पुसावी लागतात. हॉलच्या मधोमध 'खोली, दहा बाय नऊ' असं लटकत होतं. ते बघून मला रडू फुटलं. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून पोटभर रडले. मग तेही पुसलं आणि हॉलचं नवं माप टाकलं.

सर परत आले तेव्हा स्क्रीनवर नवा प्लॅन होता. त्यांनी पेन्सिलीचं टोक हॉलमध्ये फिरवलं, कुठं थांबवलं नाही. "खिडकी ठेवलीस ते बरं केलंस," म्हणाले आणि पुढच्या बाकाकडं गेले.

घर झालं. जांभ्याच्या भिंती, पुढं सोपा, सगळं मी काढलं तसंच उभं राहिलं. तोवर माझं आयटीआय संपून मला कोल्हापुरातच एका ऑफिसात काम लागलं होतं. वास्तुशांतीला मी आदल्या दिवशी गेले. दादा येणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून आत आणत होता आणि मला हाक मारून पुढं करत होता. "प्लॅन हिनं काढलाय. आमच्या हिनं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. लोक मान वर करून बघायचे. भावकीतले नाक मुरडणारे चुलतेही आले होते. त्यांनी हॉलच्या मधोमध उभं राहून चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाले, "हॉल मातर दनका काढलाय पोरीनं. निम्मं गाव बसंल."

मी हसले. कौतुक झाल्यावर हसतात, एवढं मला येतं. आई पंगतीत वाढत होती. तिनं भाताची बुट्टी हातात धरूनच माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुढच्या पानाकडं वळली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, म्हणून संध्याकाळच्या एसटीनं मी निघाले. दादा पिशवी घेऊन रस्त्यापर्यंत आला. पिशवीत तांदूळ, तूप आणि प्रसाद कोंबून भरला होता. गाडी दिसल्यावर त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुट्टी मिळाली की येत जा," तो म्हणाला. "आता जागंचा परस्नच न्हाई. येवढा मोठा हॉल हाय, कुठंबी झोप."

मी व्हय म्हणाले. एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी सुटली तसं घर मागं गेलं, आणि मी पेन्सिल नसताना मनानंच दारातून आत शिरले. सोप्यात चप्पल काढली, हॉलमध्ये गेले, आणि तिथंच उभी राहिले. त्या घरात मला कुठंही झोपता येणार होतं, आणि लावून घ्यायला एकही दार नव्हतं.