कानामागची चाचणी

खोट्या पापण्या चिकटवायच्या धंद्यात तिला नऊ वर्षं झाली होती, आणि या नऊ वर्षांत आपल्या हातून एकाही बाईचा डोळा बिघडला नाही, हे ती इतक्यांदा सांगायची की गिऱ्हाइकंच तिचं वाक्य पूर्ण करत. सगळे तिला पापणीताई म्हणत. पार्लरच्या मागच्या खोलीत एक पलंग, एक गोल दिवा आणि दोन चिमटे. गिऱ्हाईक डोळे मिटून पडे आणि ही तोंडाला मास्क लावून दोन-दोन तास वाकून एकेका खऱ्या पापणीवर एकेक खोटी बसवत राही.

नियम असा, की आधी गिऱ्हाइकाच्या कानामागे गोंदाचा थेंब लावायचा आणि दोन दिवस थांबायचं. खाज नाही, लाली नाही, तरच डोळ्यांना हात घालायचा. पण दोन दिवस थांबतंय कोण? प्रत्येकीला आजच्या आज सुंदर व्हायचं असतं. म्हणून पापणीताईने आपल्या मनाने एक तोड काढली होती. प्रत्येक नव्या बाटलीतला गोंद ती स्वतःच्याच कानामागे लावायची, दोन दिवसांनी बोटाने चाचपायची आणि छातीठोकपणे सांगायची, "माझ्या कातडीने सोसलंय, तुम्हाला काय धाड भरणार आहे? झोपा निवांत."

मधूनमधून कान खाजायचा, नाही असं नाही. पण दिवसभर मास्कचं इलॅस्टिक काचत असल्यावर कुणाचा कान खाजणार नाही? यात लबाडी मुळीच नव्हती. दुसरीला त्रास नको म्हणून ही बाई स्वतःला गोंद फासून घेत होती. तिच्या भाबडेपणाचा राग येतो तो म्हणूनच.

आणि बिघडला तो नेमका सख्ख्या धाकट्या बहिणीचा डोळा.

धाकटी घड्याळं दुरुस्त करायची. डोळ्याला भिंग लावून मोहरीहून बारीक स्क्रू बसवायची. "मला कशाला गं पापण्या? भिंगात अडकतील," ती म्हणत होती. ताईनेच हट्ट धरला, "कधीतरी आरशात बघावंसं वाटू दे की स्वतःकडे!" झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीचा फोन आला. "ताई, डोळे उघडतच नाहीयेत. पाणी थांबत नाहीये. ओढून काढू का या?"

"हात लावू नकोस!" ताई ओरडली आणि पायात चप्पल आहे की नाही हे न बघता धावत सुटली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पापण्या हळूहळू सोडवल्या, दिवा मारून दोन्ही डोळे तपासले. "गोंदाची ॲलर्जी आहे. उजव्या बुबुळावर ओरखडाही दिसतोय. पंधरा दिवस औषध घाला, बारीक काम बंद. बहुतेक भरून येईल."

त्या 'बहुतेक'ने ताईचं काळीज लटकन हाललं. धाकटीचं पोट त्या डोळ्यावर होतं.

"आधी चाचणी केली होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"केली होती ना! माझ्या कानामागे."

"तुमच्या?" बाईंचं पेन थांबलं. "अहो, डोळे हिचे आहेत."

ताईचं डोकंच चालेना. एका आईच्या पोटच्या दोघी, एकच बाटली, मग एकीला सोसतं आणि दुसरीला नाही हे कसं? तिने धाकटीच्या साबणावर संशय घेतला, उशीच्या अभ्र्यावर घेतला, घड्याळांच्या तेलावरही घेतला. मागच्या खोलीला कुलूप घातलं, पण घरी बसून तोच गोंद पुन्हा कानामागे लावला, एकदा नाही, तीनदा. चाचपून पाहिलं. काही नाही. मग नऊ वर्षं आपण कसली चाचणी करत होतो? विचार करावा तितका गुंता वाढत होता.

पंधराव्या दिवशी धाकटी आपल्या टेबलाशी बसली. उघडलेलं घड्याळ पुढ्यात घेऊन तिने उजव्या डोळ्याला भिंग लावलं. ताई श्वास रोखून उभी.

"स्क्रू दिसतोय," धाकटी म्हणाली. "त्याची खाचसुद्धा."

ताईला रडूच कोसळलं. डोळे पुसता पुसता पुन्हा तेच तोंडात आलं, "पण मला अजून कळत नाही गं, माझ्या कानाला काहीच कसं झालं नाही?"

"इकडे ये, बघू."

धाकटीने तिला खिडकीकडे वळवलं, कान दुमडला आणि भिंगातून बघत राहिली.

"ताई, इथे तू कधी बघितलंयस?"

"स्वतःच्या कानामागे कुणाला दिसतं? चाचपते की."

"सगळं लाल आहे गं. खाली जुने काळे डाग आहेत. एकावर एक."

"ते इलॅस्टिकचं..." ताई म्हणाली, आणि तिथेच थांबली. पंधरा दिवसांत तिने मास्क लावलाच नव्हता. आणि कान तर आत्ताही खाजत होता.