कच्चं अंडं, पक्की नोकरी

बातमीदाराकडे दोन प्रकारचा माल साठतो. एक छापून येतो आणि दुसऱ्या दिवशी त्यात कुणीतरी भजी बांधून देतं. दुसरा उपसंपादकाच्या कात्रीखाली जातो, आणि तोच आयुष्यभर टिकतो! तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, त्या वर्षांत हा दुसरा माल माझ्याकडे इतका साचला, की आजही मित्रांच्या अड्ड्यावर कुणी नुसतं 'ब्रेकफास्ट' म्हटलं तरी माझं डोकं तापतं. बायको म्हणते, "तो विषय काढू नका, रात्री जेवण जात नाही तुम्हाला." मी काढतोच.

साठीचं दशक उतरणीला लागलं होतं. मी पालघरला राहून मुंबईच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. बांधकामावर परदेशी इंजिनिअर आले होते, त्यांच्यासाठी समुद्राकडे तोंड करून गेस्ट हाऊस उभं राहिलं होतं. त्याचे मॅनेजर दामले. इस्त्रीचा बुशशर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि साहेब दिसला की पाठीला आपोआप बाक.

स्वयंपाकी काशिनाथ. घिवलीच्या बाजूला त्याची नारळ-चिकूची वाडी होती. ती बांधकामात गेली. बदल्यात घरटी एक नोकरी, असं अधिकाऱ्यांनी देवळासमोर उभं राहून सांगितलं होतं. काशिनाथला नोकरी मिळाली, पण टेंपररी. 'कायम' हा सरकारी शब्द त्याच्या जिभेवर बसत नसे. तो विचारायचा, "सायेब, मला पक्का कवा करनार?"

दामल्यांचं उत्तर ठरलेलं. "पक्कं करणं माझ्या हातात नाही. वरून ऑर्डर आली पाहिजे. तोवर टेंपररी!"

बातम्यांच्या शोधात मी तिथं नेहमी जायचो आणि हे उत्तर इतक्यांदा ऐकलं, की शेवटी शेवटी दामल्यांचे ओठ हलायच्या आधीच मला ऐकू यायचं.

* * *

गेस्ट हाऊसमधले बहुतेक साहेब अमेरिकन. ते समोर येईल ते खायचे. एकटा हॅरिस इंग्रज, आणि त्याला रोज सकाळी मायदेशातल्यासारखा नाश्ता हवा. अंडी, बेकन, भाजलेला टोमॅटो, अळंबी, बीन्स, टोस्ट. सगळं एका ताटात आणि सगळं एकदमच गरम! माणूस वाईट नव्हता. आपला माणूस परमुलखात वरणभातासाठी कासावीस होतो, तसाच तो अंड्यासाठी व्हायचा. माझा राग त्याच्यावर नाही. त्याच्या अंड्यासाठी धावणाऱ्यांवर आहे!

दामल्यांनी काशिनाथला बजावलं, "नाश्ता साहेबाला आवडला, की तुझं वर कळवतो. आणि लक्षात ठेव, साहेबाला अंडं पक्कं नको, कच्चं हवं."

दुसऱ्या दिवशी काशिनाथनं बशीत एक अंडं फोडलं आणि तसंच टेबलावर नेऊन ठेवलं. हॅरिस अंड्याकडे बघतोय, अंडं हॅरिसकडे!

दामले किंचाळले, "अरे गाढवा, हे काय?"

"तुमीच बोल्लात ना, कच्चं."

"कच्चं म्हणजे खालून पक्कं आणि वरून कच्चं!"

काशिनाथनं मान डोलावली. "म्हंजे माज्यासारकं. कामाला पक्का, कागदावर कच्चा!"

* * *

मग बेकन, म्हणजे डुकराच्या मांसाचे खारवलेले काप. दामल्यांनी काशिनाथला बोईसरच्या बाजारात पाठवलं. हा शब्द त्यानं जन्मात ऐकलेला नाही. "बेकन, बेकन" असं घोकत तो गेला. बाजारात बांधकामावरचे यूपीचे मजूर भाजी घेत होते. त्यानं त्यांनाच विचारलं. एकानं हात धरून त्याला भाजीवाल्यापुढे उभं केलं. "अरे भाई को बैंगन दे दो, अच्छावाला!"

काशिनाथ पिशवीभर वांगी घेऊन आला.

दामल्यांनी त्याला फाटकाबाहेर काढायचंच बाकी ठेवलं. "साहेबाला काय सांगू मी? तुझी नोकरी गेली समज!" इकडे वेळ झालेली, हॅरिस टेबलावर बसलेला. काशिनाथनं वांग्याचे काप केले, तिखटमीठ लावलं, रव्यात घोळवले, तव्यावर कुरकुरीत परतले आणि अंड्याशेजारी मांडले. हॅरिसनं बशी पुसून खाल्ली! पुढे मुंबईहून खरं बेकन यायला लागलं, तरी रविवारी तो मोडक्या हिंदीत मागायचा, "आज बोईसरवाला बेकन देना."

मोठे साहेब तपासणीला आले तेव्हा दामले छाती काढून सांगत होते, "वांग्याची कल्पना माझी!"

मी तिथंच विचारलं, "आणि काशिनाथला पक्का करायची कल्पना कुणाची, दामले? ती कुणाला सुचणार?"

दामले म्हणाले, "वरून ऑर्डर..."

* * *

नवापूरची पार्वती सुकी मासळी विकायला तारापूरच्या बाजाराला जायची. तिची पायवाट गेस्ट हाऊसच्या फाटकासमोरून. दामल्यांनी ती बंद केली. कारण? साहेबांना वास सहन होत नाही! कित्येक पिढ्या ज्या वाटेवरून बाया चालल्या, तिथं आता दंडुकेवाला वॉचमन उभा. डोक्यावर टोपली घेऊन पार्वतीनं तळपत्या वाळूतून वळसा घालून जायचं. मी यावर बातमी पाठवली. छापली नाही.

आणि मग एके दिवशी हॅरिसला किपरची आठवण झाली. किपर म्हणजे त्यांच्याकडची धुरावलेली मासळी, तीही सकाळी नाश्त्याला! लगेच जीप मुंबईला पळाली. परत आली ती विलायती डबे घेऊन. काशिनाथनं डबा फोडला, मासळी तव्यावर टाकली, आणि असा काही भपकारा सुटला की मी फाटकाशी उभा होतो तिथंपर्यंत आला.

दामले नाकाला रुमाल लावून धावत बाहेर. "कोण सुकी मासळी घेऊन आलंय? पकडा तिला!"

पार्वती बाजारातून परतत होती. टोपली रिकामी, म्हणून जुन्या वाटेनं आली बिचारी. वॉचमननं तिला अडवलं. तिनं डोक्यावरची टोपली उतरवली आणि दामल्यांच्या नाकापुढे उलटी करून धरली.

"बग, हाय काय आत? वास माज्या टोपलीचा नाय, तुज्या सायबाच्या ताटाचा हाय! आता त्येला पन वळसा घालून पाठव!"

* * *

पावसाळ्यात वाणगावकडच्या वारली बाया रानातली अळंबी आणतात. काशिनाथनं हॅरिससाठी ती घेतली, लोण्यावर परतली. दामल्यांना धास्ती, विषारी निघाली तर? ते म्हणाले, "काशिनाथ, आधी तू खा. दुपारपर्यंत काही झालं नाही, तर मग साहेबाला देऊ."

माझं टाळकं फिरलं. "आणि त्याला काही झालं तर?"

दामले अगदी शांतपणे म्हणाले, "टेंपररी आहे ना तो. नुकसानभरपाईचा प्रश्नच येत नाही!"

मी उठलो. खुर्ची आडवी झाली. हात उगारणार, तेवढ्यात काशिनाथनं मला डोळ्यानं थांबवलं. त्यानं अळंबीची बशी पुढे ओढली आणि एक तुकडा तोंडात टाकला.

दामल्यांनी विचारलं, "काय? कसं वाटतंय?"

"अजून खातरी नाय होत, सायेब." आणखी दोन तुकडे. "जरा शंका हाय." आणखी चार. दामले बघत राहिले आणि बशी रिकामी झाली. काशिनाथनं बोटं चाटली.

"आता खातरी झाली. पन संपली!"

* * *

वाडी गेलेल्यांना जिथं नेऊन बसवलं होतं, तिथल्या विहिरीला मचूळ पाणी. पोरांची पोटं बिघडलेली. गेस्ट हाऊसला मात्र हॅरिसच्या चहासाठी गोड्या पाण्याचा टँकर यायचा. मी दोन्ही गोष्टी एकाच बातमीत लिहिल्या. पाणी आधी, नाश्ता शेवटी, चार ओळींत.

छापून आलं ते असं: 'तारापूरच्या किनाऱ्यावर अस्सल इंग्लिश ब्रेकफास्ट!' विहीर गायब, टँकर गायब, पोरं गायब. मी मुंबईला जाऊन उपसंपादकाच्या टेबलावर तो अंक आपटला.

तो म्हणाला, "अहो, खारं पाणी रोजचंच आहे. बेकन नवीन आहे!"

* * *

हॅरिसचं काम संपलं. निरोपाच्या सकाळी सगळे साहेब जमले. काशिनाथनं ताट मांडलं. एकूणएक जिन्नस, सगळं एकदम गरम. हॅरिस उभा राहिला, काशिनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काशी पक्का कुक! इसको पक्का करो!"

टाळ्या पडल्या. दामले सर्वांत जोरात वाजवत होते. "येस सर, येस सर!"

हॅरिसची गाडी वळणाआड गेली, तशी काशिनाथची नोकरीही गेली. मी दामल्यांना गाठलं. ते म्हणाले, "त्याची नेमणूक इंग्लिश ब्रेकफास्टसाठी होती. इंग्लिश माणूसच राहिला नाही, तर ब्रेकफास्ट कसला?"

"आणि वाडी गेली ती काय इंग्लिश होती?" मी ओरडलो. "साहेब गेला म्हणून ती परत देणार आहात?"

त्यावर दामल्यांचं उत्तर जुनंच. वरून ऑर्डर.

* * *

काशिनाथनं फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे ताडपत्री बांधली. एक स्टोव्ह, एक तवा, अंडापाव आणि चहा. मजुरांची ही गर्दी! "चाचा, दो आमलेट!" "चाचा, मिर्ची जादा!" मीही तारापूरला गेलो की तिथंच चहा घ्यायचो.

एका सकाळी मी बाकावर बसलोय आणि समोरून दामले आले. गेस्ट हाऊसमधल्या नव्या स्वयंपाक्याच्या हाताला चव नव्हती म्हणे. मजूर बाजूला सरकले. दामले बाकावर रुमाल अंथरून बसले.

"काय काशिनाथ, झकास चाललंय की! स्वतःचा धंदा, कुणाची कटकट नाही. उलट माझे आभारच मानायला हवेत तू! एक अंडं दे बघू. पण पक्कं हं. मला कच्चं चालत नाही."

काशिनाथनं एक बशी घेतली, फडक्यानं पुसली. अंडं उचललं, तव्याच्या कडेवर टिचवलं आणि बशीत सोडलं. तशीच ती बशी नेऊन दामल्यांच्या पुढ्यात ठेवली. बलक थरथरत होता.

"अरे, हे काय? मी पक्कं सांगितलं ना!"

मजुरांच्या हातातले पाव थांबले. काशिनाथनं फडकं खांद्यावर टाकलं.

"पक्कं करनं माज्या हातात नाय, सायेब. वरून आर्डर आली पायजे. तवर टेंपररी खा!"